एकच कप सुलटा

ही घडलेली गोष्ट आहे. यातलं मी काहीच रंगवलेलं नाही. रंगवायचंच असतं, तर सगळ्यात आधी स्वतःला जरा बरं रंगवलं असतं.

वार गुरुवार. वेळ दुपारी पावणेचारची. जागा विमानतळावरचं बिझनेस क्लासचं लाउंज. भरपूर उजेड होता, आजूबाजूला पंचवीस-तीस माणसं होती. असल्या गोष्टी अंधारात आणि एकटं असताना घडतात, असं तोवर मलाही वाटायचं.

पण त्या गुरुवारचं सांगण्याआधी अकरा महिन्यांपूर्वीची एक सकाळ सांगायला हवी.

आई असतानाची शेवटची सकाळ.

आई त्याच लाउंजमध्ये कामाला होती. बावीस वर्षं. कप भरायचे, कप उचलायचे, टेबलं पुसायची आणि गेस्टना बोर्डिंग सांगायचं. हे शेवटचं काम तिचं लाडकं. त्या लाउंजमध्ये स्पीकरवरून घोषणा होत नसत. पैसे भरून शांतता विकत घेतलेली माणसं ती, त्यांच्या कानाशी कोण ओरडणार? म्हणून अटेंडंट प्रत्येकाजवळ जाऊन, जरा वाकून, हळू आवाजात सांगायच्या. "सर, तुमचं बोर्डिंग सुरू झालंय. गेट नंबर अमुक."

सांगून झालं, की त्या गेस्टचा कप बशीत पालथा घालायचा.

ही त्यांची आपसातली खूण. पालथा कप म्हणजे या माणसाला सांगितलंय. सुलटा कप म्हणजे अजून सांगायचंय. ट्रॉली घेऊन फिरणारी बाई फक्त पालथे कप उचलायची.

"दोघं बरोबर असले तरी दोघांना वेगवेगळं सांगायचं," आई म्हणायची. "एक झोपलेला असतो, नाहीतर दोघं भांडलेले असतात. आणि सांगितल्याशिवाय कप पालथा घालायचा नाही. ती लबाडी झाली."

घरीही तिचं तेच. पहाटेच्या शिफ्टला जाताना माझ्या कानाशी वाकून म्हणायची, "निघते गं." मग ओट्यावर माझा दुधाचा कप बशीत पालथा घालायची. म्हणजे उठल्यावर मी "न सांगता गेलीस" म्हणून तोंड फुगवायला नको. मी तेहतीस वर्षांची झाले, दुधाच्या जागी कॉफी आली, तरी ओट्यावर तो कप रोज पालथा असायचा.

त्या सकाळी मात्र आठ वाजले तरी आई घरातच होती. माझ्या शर्टाला इस्त्री करत होती.

"गेली नाहीस?"

"दुपारच्या शिफ्टमधल्या एकीच्या मुलीला ताप आलाय. तिची शिफ्ट मी घेतलीय. एक ते नऊ."

मी दात घासत होते. हात थांबला.

माझं विमान चार चाळीसचं होतं. बॉसबरोबर, बिझनेस क्लासनं, आयुष्यात पहिल्यांदा. आईची शिफ्ट एकला संपते, हे मोजूनच मी दुपारचं विमान सुचवलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला सांगायची गरज नव्हती.

ऑफिसात मी सांगितलं होतं, की आई एअरलाइनमध्ये आहे. गेस्ट रिलेशन्सला. तसं पाहिलं तर खोटं नव्हतंच. आईला हे ठाऊक होतं. दमून घरी आली, की चप्पल काढता काढता म्हणायची, "गेस्ट रिलेशन्सवाली आली गं, चहा टाक."

"म्हणजे… तू असशील तिथे?" मी विचारलं.

"असणार की." तिनं कॉलर उलटी केली. "काळजी करू नकोस. मी तुला ओळखणार नाही."

ती हसत म्हणाली. खरंच हसत.

"तसं नाही गं आई…"

"बरं, नाही तर नाही. आणि हो, चहा प्यायल्यावर सवयीनं कप उचलून आत नेऊन ठेवू नकोस. तिथल्या तिथे कामाला लावतील." तिनं शर्ट माझ्या हातात दिला. "कॉलर गरम आहे. जरा थांबून घाल."

मी थांबले नाही. कॉलर मानेला चटकन लागली.

ते तिचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं.

म्हणजे… मी ऐकून घेतलेलं.

त्या दुपारी लाउंजमध्ये आम्ही दोघी खांबाजवळच्या करड्या सोफ्यावर बसलो होतो. बॉस आणि मी. बॉस वाईट बाई नाही. मोठ्यानं बोलते आणि मनात आलेलं लगेच बोलते, एवढंच.

आई आली. मी फोनमध्ये पाहत होते, पण पावलं ऐकली. चार वर्षांपूर्वी ती पॅन्ट्रीच्या ओल्या फरशीवर पडली होती, तेव्हापासून डावा पाय किंचित ओढायची. गालिच्यावरून तिचं चालणं असं ऐकू यायचं…

टप… सर्र. टप… सर्र.

"मॅडम, तुमचं बोर्डिंग सुरू झालंय. गेट नंबर अकरा."

बॉसनं वर पाहिलं आणि तिला हसूच आलं. "अगं, या बाई अगदी तुझ्यासारख्या दिसतात! बघ तरी. हनुवटीवरचा तीळसुद्धा तसाच!"

मी वर पाहिलं नाही.

"युनिफॉर्म घातला की सगळ्या बायका सारख्याच दिसतात," मी म्हटलं.

बॉसचा कप पालथा झाला. टक.

मग तिचा हात माझ्या कपाकडे आला. लाउंजमधल्या लिंबाच्या वासाच्या साबणानं धुतलेला, बोटांची टोकं सुरकुतलेली. तो हात कपाच्या वर थांबला. ती मला सांगणार होती. वेगवेगळं सांगायचं, हा तिचाच नियम.

मी बॅग उचलली आणि चालू लागले.

दारापाशी काचेत पाहिलं. ती तिथेच वाकून उभी होती. माझा कप सुलटाच होता.

विमान उतरल्यावर फोन सुरू केला. एकोणीस मिस्ड कॉल.

सव्वापाचच्या सुमारास पॅन्ट्रीमागे लॉकरसमोरच्या बाकावर आई बसली. बुटाची नाडी सैल करायला वाकली आणि तशीच राहिली.

*

अकरा महिने मी त्या लाउंजकडे फिरकले नाही. कामानिमित्त प्रवास व्हायचा, पण मी गेटसमोरच्या लोखंडी खुर्च्यांवर बसायचे. बॉसला सांगायचे, लाउंजमध्ये मला झोप येते. आई गेल्याचं तिला ठाऊक होतं. तिनं फुलं पाठवली होती, फोनवर "गेस्ट रिलेशन्समध्ये मोठी पोकळी" वगैरे म्हणाली होती. मी हो म्हटलं होतं.

त्या गुरुवारी मात्र सुटका नव्हती. विमानात बसण्याआधी एक प्रेझेंटेशन पुरं करायचं होतं. बॉसनं बजावलं, "लाउंजमध्येच भेट. शांतता लागेल."

मी साडेतीनला पोचले. तेच चार चाळीसचं विमान.

काउंटरवर चिमणी होती. हे आईनं ठेवलेलं नाव. तिची दुपारची शिफ्ट, आईची सकाळची. नऊ वर्षं रोज एकच्या ठोक्याला दोघी एकमेकींच्या हाती लाउंज सोपवायच्या, आणि त्या पाच मिनिटांत ही बाई अख्ख्या दिवसाचं बोलून घ्यायची. शेवटच्या दिवशी दोघी एकाच शिफ्टला होत्या. आई बाकावर सापडली ती चिमणीलाच.

तिनं माझा बोर्डिंग पास पाहिला आणि माझा हात धरला. चिमणी, आणि गप्प. मग नुसतंच म्हणाली, "वाळलीस गं."

"चिमणीताई, बोर्डिंगचं सांगाल ना?"

"आता आम्ही नाही सांगत फिरत. स्क्रीन लावलेत सगळीकडे. ताई गेल्यानंतर महिन्याभरातच बंद झालं ते." तिनं पास माझ्याकडे सरकवला. "कपांचंही."

लाउंज भरलेलं होतं. रिकामी जागा एकच होती. खांबाजवळचा करडा सोफा.

मी मशीनमधून चहा घेतला आणि बसले. लॅपटॉप उघडला. समोरच्या काचेपलीकडे विमानात सामान चढत होतं. आतली माणसं आपापल्या फोनात. चमच्यांचा बारीक आवाज. सगळं अगदी साधं.

मग…

टप… सर्र.

मी बोटं थांबवली.

काही नाही. कुणीतरी बॅग ओढत असेल.

टप… सर्र. टप… सर्र.

पॅन्ट्रीच्या बाजूनं. मी मान वर केली. गालिच्यावर कुणी चालत नव्हतं.

समोरच्या खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपले होते. आवाज त्यांच्यापाशी थांबला. ते एकदम दचकले, कुणी खांद्याला हात लावावा तसे. डोळे उघडून जरा वर, बाजूच्या मोकळ्या हवेकडे पाहिलं.

"हो, हो. निघालोच," ते म्हणाले.

बॅग सावरत माझ्या बाजूनं जाताना माझ्याकडे बघून ओशाळं हसले. "बरं झालं बाईंनी उठवलं. नाहीतर राहिलोच होतो."

"कुठल्या बाईंनी?"

"त्या काय, आत्ता इथेच होत्या…" त्यांनी मागे वळून पाहिलं. "गेल्या वाटतं. पाय जरा ओढत चालतात त्या."

आणि ते निघून गेले.

मी त्यांच्या टेबलाकडे पाहिलं.

कप बशीत… पालथा.

मी कुणालाही तो पालथा घालताना पाहिलं नव्हतं. नजर हलवली नव्हती.

टक.

खिडकीपाशी. एक जोडपं उठलं. आधी तो, मग ती. दोघांनी वेगवेगळी मान डोलावली. त्यांच्या मागे दोन कप पालथे.

टक. टक.

वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांनी घडी घातली. फोनवर कुजबुजणाऱ्या मुलीनं फोन बंद केला. मी स्क्रीनकडे पाहिलं. प्रत्येकाचं बोर्डिंग खरंच सुरू झालं होतं. पण स्क्रीनकडे कुणीच पाहिलं नव्हतं.

माझ्या बाजूच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. पावलं जवळ यायची, आणि माझ्यापासून हातभर अंतरावरून वळून दुसरीकडे जायची.

दर वेळी.

मला घाबरायला हवं होतं. पण आत दुसरंच काहीतरी तुटत होतं. ती सगळ्यांना सांगत होती. मला सोडून.

मी तुला ओळखणार नाही, काळजी करू नकोस.

तिनं शब्द पाळला होता. मेल्यावरही.

"सॉरी, सॉरी, ट्रॅफिकनं जीव घेतला!" बॉस येऊन शेजारी धपकन बसली. हातात कॉफी. "स्लाइड्स झाल्या? दाखव."

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. ती काहीतरी आकड्यांबद्दल बोलत होती. मला ऐकू येत होतं ते वेगळंच.

टप… सर्र.

सोफ्याच्या मागून.

टप… सर्र.

लिंबाचा वास आला. साबणाचा, ओल्या हातांचा.

बॉसनं बोलता बोलता मान वर केली. माझ्या खांद्याच्या वरून मागे पाहिलं.

"हो, थँक यू," ती म्हणाली.

टक.

तिच्यासमोरचा कप पालथा होता. त्यात अर्धी कॉफी होती, मी पाहिली होती. बशी कोरडी होती.

तिचं मात्र कपाकडे लक्षच नव्हतं. ती लॅपटॉप मिटत होती. "चल, बोर्डिंग सुरू झालं. अगं, ही तीच ना? मागच्या वेळची? तुझ्यासारखी दिसणारी? बिचारी फार थकलेली दिसते गं आता." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय झालं? पांढरीफटक पडलीस."

मला मान वळवता येत नव्हती. माझ्या मागे, अगदी मागे, कुणीतरी वाकून उभं होतं. श्वासाचा आवाज नव्हता. ऊबही नव्हती. फक्त लिंबाचा वास, आणि माझ्या मानेवर, कॉलरनं जिथे भाजलं होतं तिथे, थंडी.

तेवढ्यात चिमणी ट्रॉली घेऊन आली.

चार पावलं आली आणि थांबली. ट्रॉलीवरचे चमचे खुळखुळले.

सगळं लाउंज रिकामं होतं. टेबलांवर पालथे कप. खिडकीपासून दारापर्यंत, एकेक, बशीच्या बरोबर मध्यभागी.

"हे कुणी…" ती पुटपुटली. मग तिची नजर टेबलांवरून फिरत फिरत माझ्यासमोर आली. माझ्या कपावर.

"एकच राहिलाय," ती म्हणाली.

आणि ट्रॉलीचा दांडा घट्ट धरून रडायला लागली.

"चिमणीताई?"

"तुला सांगितलं नव्हतं मी. तुझ्या जिवाला लागेल म्हणून." तिनं हाताच्या पालथ्या बाजूनं चेहरा पुसला. "त्या दिवशी ताई पॅन्ट्रीत आली. म्हणाली, एका गेस्टला सांगायचं राहिलंय. मी म्हटलं, अगं, विमान केव्हाच उडालं. ती म्हणाली, तरी राहिलंय ना. परत बाहेर आली, या सोफ्यापाशी. बराच वेळ उभी होती. कप पालथा नाही घातला. मला म्हणाली, न सांगता कसा घालू? मग आत जाऊन बसली… तेवढंच."

बॉस कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे पाहत होती. "कोण ताई? काय चाललंय? मला कुणी सांगेल का? आणि ती बाई कुठे गेली? आत्ता तुझ्या मागे उभी होती."

चिमणीनं माझ्या मागे पाहिलं. तिला काही दिसलं की नाही, मला ठाऊक नाही. मी पुढे कितीदा तरी विचारलं. ती सांगत नाही. एवढी बोलकी बाई, पण या एका गोष्टीवर गप्प बसते.

नंतरचं आधी सांगून टाकते, कारण ते मला आजवर उलगडलेलं नाही.

मी डोळे मिटून बोलले. डोळे उघडले तेव्हा माझ्यासमोर फक्त बशी होती. कप नव्हता. पालथाही नाही, सुलटाही नाही. चिमणीनं सोफ्याखाली, ट्रॉलीत, पॅन्ट्रीत सगळीकडे शोधला. मोजणीत एक कप कमी भरला तो भरलाच. बशी तेवढी चिमणीनं मला घरी नेऊ दिली. ती ओट्यावर आहे.

तिनं मला सांगितलं का? ऐकलं का तिनं? की अजून राहिलंय? ते कळायची एकच खूण होती, आणि तीच नाहीशी झाली. अजूनही कुठे चहा पुढ्यात आला, की मी तो निवेपर्यंत कपाकडे बघत बसते. मागून पावलं येतात का, ते ऐकते. एखाद्या सकाळी, अर्धवट झोपेत, ओट्याकडून आवाज येतो. टक. मी उठून जाते…

बशी रिकामी असते.

पण त्या दुपारी, लाउंजमध्ये, बॉस पुन्हा म्हणाली, "सांग ना, कोण आहे ती बाई?"

मागचा लिंबाचा वास विरळ होत चालला होता. ती निघाली होती. सवयीप्रमाणे, मला अवघडायला नको म्हणून.

टप… सर्र.

मी डोळे मिटले. आणि त्या रिकाम्या, शांतता विकणाऱ्या खोलीत जितक्या मोठ्यानं बोलता येईल तितक्या मोठ्यानं बोलले.

"मॅडम, युनिफॉर्म घातला म्हणून सगळ्या बायका सारख्या दिसत नाहीत. ती माझ्यासारखी दिसते, कारण ती माझी आई आहे."